प्रादेशिक विद्यापीठातील पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन : कोल्हापूरचा अनुभव

(शिक्षक, शासकीय अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले, तेव्हा देशाच्या सीमेवर चीनशी युद्ध सुरू होते. त्याच आठवड्यात मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण संरक्षण खात्याचा भार स्वीकारण्यासाठी दिल्लीस गेले. अशा कठीण दिवसांतही एका नव्या विद्यापीठाचा प्रारंभ पुढे ढकलला गेला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. महाराष्ट्र राज्य तेव्हा अडीच वर्षांचे होते आणि दक्षिण महाराष्ट्राला स्वतःचे विद्यापीठ मिळावे ही मागणी राज्याहून कितीतरी जुनी होती.

कोल्हापुरात उच्च शिक्षणाची परंपरा नव्हती असे नाही. राजाराम महाविद्यालय १८८० पासून उभे होते आणि नामदार गोखले यांच्यासारखा विद्यार्थी त्याच्या वर्गात बसून गेला होता. या महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी शिवछत्रपतींच्या चरित्राचा मोठा ग्रंथ सिद्ध केला आणि छत्रपतींच्या नावाचे विद्यापीठ कोल्हापुरात व्हावे हा विचारही मांडला. परंतु पदवी घेतल्यानंतर पुढे शिकावयाचे तर बहुतेकांना पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. ज्याच्या घरी दोन वर्षांच्या खानावळीचे पैसे होते तो गेला. बाकीचे शाळेत शिक्षक झाले किंवा तालुका कचेरीत कारकून झाले. त्यांच्यातील किती जण संशोधक होऊ शकले असते, याची मोजदाद कोणत्याही दप्तरात असणार नाही.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक जुना फरक स्पष्ट करावयास हवा. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था म्हणून. शिकवावयाचे महाविद्यालयांनी आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यावयाची, अशी ही वाटणी होती. विद्यापीठांनी स्वतः अध्यापन व संशोधन करावे ही तरतूद १९०४ च्या कायद्याने आली. परंतु सामान्य माणसाच्या मनात विद्यापीठ म्हणजे परीक्षा आणि गुणपत्रिका यांची कचेरी, ही समजूत आजही पक्की आहे. निकाल उशिरा लागला की वर्तमानपत्रांत ओरड होते, आणि ती रास्तच असते. पण एखाद्या विभागातील शेवटचा पूर्णवेळ प्राध्यापक निवृत्त होऊन त्या विषयाचे संशोधन थांबले, तर त्याची बातमी क्वचितच होते. वस्तुतः दुसरी हानी पहिलीपेक्षा मोठी असते, कारण उशिरा लागलेला निकाल कधी ना कधी लागतोच.

राज्य विद्यापीठांचे महत्त्व किती, हे नीति आयोगाने २०२५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केलेल्या अहवालावरून समजते. देशातील उच्च शिक्षण घेणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक विद्यार्थी राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांच्या छत्राखाली आहेत. केंद्रीय संस्था, तंत्रविज्ञान संस्था यांची नावे सर्वांच्या तोंडी असली तरी देशाचा भार वाहणारी गाडी ही आहे. तेव्हा संशोधन फक्त मोजक्या राष्ट्रीय संस्थांनी करावे आणि प्रादेशिक विद्यापीठांनी पदव्या वाटाव्यात, हा विचार जितका सोयीचा तितकाच घातक आहे.

शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे संशोधक होते. नव्या विद्यापीठाच्या कुलगुरूस इमारती, नेमणुका, अंदाजपत्रके यांतून मान वर काढण्यास वेळ मिळत नाही. तरीही त्यांनी 'ताराबाईकालीन कागदपत्रे' संपादित केली आणि विद्यापीठाने ती प्रसिद्ध केली. पुढे विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्रातून समाजशास्त्रज्ञ डॉ. विलास संगवे व त्यांचे सहकारी यांनी राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीतील कागदपत्रांचे खंड प्रसिद्ध केले. ज्या गादीचा इतिहास लिहावयाचा तिचे दप्तर त्याच शहरात होते. ते दप्तर वाचण्यासाठी मोडी येणारा, त्या मुलखातील गावांची, वतनांची आणि घराण्यांची नावे ओळखणारा विद्यार्थी जवळच्याच तालुक्यातून येत होता. प्रादेशिक विद्यापीठाला मोठ्या शहरातील विद्यापीठापेक्षा एखाद्या बाबतीत सरस ठरावयाचे असेल तर ते अशाच ठिकाणी ठरता येते.

मोडीचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर क्षम्य मानावे. मोडी ही पुस्तकातून वर्णमाला पाठ करून येणारी विद्या नव्हे. एका लेखनिकाचे वळण दुसऱ्यापेक्षा निराळे असते, संक्षेप निराळे असतात, कागद जीर्ण झालेला असतो. जाणत्या माणसाच्या शेजारी बसून शेकडो पत्रे वाचल्यावाचून हात बसत नाही. असा जाणता माणूस निवृत्त होण्यापूर्वी त्याच्याजवळ दोन-चार तरुण तयार झाले नाहीत, तर दप्तर तसेच राहते आणि ते वाचणारा राहत नाही. संशोधनाची परंपरा हातातून हातात जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. पण हीच गोष्ट प्रयोगशाळेतही तितकीच खरी आहे, आणि तिथे कोल्हापूरचा अनुभव विशेष बोलका आहे.

पदार्थविज्ञानाच्या क्षेत्रात 'पातळ थर' नावाचा एक विषय आहे. काचेवर किंवा धातूच्या पत्र्यावर एखाद्या द्रव्याचा इतका पातळ थर चढवावयाचा की त्याची जाडी केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी कमी असावी. असे थर सौर घटांत, वायू ओळखणाऱ्या संवेदकांत, वीज साठवणाऱ्या साधनांत उपयोगी पडतात. श्रीमंत प्रयोगशाळांत ते करण्यासाठी निर्वात यंत्रे वापरतात. त्यांची किंमत मोठी, देखभाल त्याहून अवघड, आणि एखादा पंप बिघडला तर परदेशातून सुटा भाग येईपर्यंत काम बंद. जिल्ह्याच्या ठिकाणच्या विद्यापीठाला हा मार्ग परवडणारा नव्हता.

शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातील संशोधकांनी दुसरा मार्ग धरला. धातूच्या क्षाराचे द्रावण करावे, त्यात गंधक हळूहळू सोडणारे रसायन मिसळावे, तापमान आणि आम्लता सांभाळावी, आणि काचेची पट्टी त्यात बुडवून ठेवावी. द्रावणातील कण सावकाश एकत्र येऊन काचेवर थर धरतात. दुसऱ्या पद्धतीत द्रावणाचा बारीक फवारा तापलेल्या काचेवर मारतात; पाणी उडून जाते, क्षाराचे विघटन होते आणि ऑक्साइडचा थर काचेवर उरतो. साधने म्हणाल तर चंचुपात्र, तापपट्टी, तापमापक आणि फवाऱ्याची नळी. यांतील पुष्कळ जुळणी विभागातच करता येण्यासारखी. कस लागतो तो माणसाच्या नजरेचा आणि चिकाटीचा. द्रावण कोणत्या क्षणी गढूळ होऊ लागले, काच पुरेशी स्वच्छ झाली की नाही, फवारा एकसारखा पडतो की नाही, हे शिकावे लागते ते शेजारी उभे राहूनच.

या पद्धती कोल्हापुरात शोधल्या गेल्या असे नव्हे. त्या आधीपासून ज्ञात होत्या. परंतु कोल्हापूरच्या संशोधकांनी त्यांचा इतका कसून अभ्यास केला की जगाला त्यांच्याकडे पाहावे लागले. फवारा पद्धतीचा आढावा घेणारा डॉ. पी. एस. पाटील यांचा प्रबंध १९९९ मध्ये, आणि द्रावणातून थर चढविण्याच्या पद्धतीवरील आर. एस. माने व डॉ. सी. डी. लोखंडे यांचा आढावा २००० मध्ये, एकाच आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे दोन्ही लेख आजही जगभरचे अभ्यासक आधारास घेतात. पुढे या विभागात तयार झालेले अनेक तरुण दक्षिण कोरियातील विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत संशोधनासाठी गेले. त्यांतील बऱ्याच जणांच्या घरी यापूर्वी कोणी पदवीपर्यंतही पोहोचलेले नव्हते.

या यशाचे मर्म गरिबीत आहे असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. "त्यांनी चंचुपात्रावर काम केले, मग तुम्हालाही अनुदान कशाला हवे," असा युक्तिवाद कोणी अधिकारी करू लागला तर तो चुकीचा ठरेल. थर स्वस्तात चढविता येतो. पण तो कसा झाला हे पाहण्यासाठी क्ष-किरणांचे आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे उपकरण लागते, आणि ते स्वस्त नसते. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभाग, विद्यापीठ अनुदान आयोग यांच्या विशेष साहाय्य योजनांतून देशभरच्या विद्यापीठ विभागांना अशी उपकरणे मिळाली, म्हणून स्वस्त पद्धतींचे काम कसास लागू शकले. उपकरणाबरोबर ते चालविणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि वार्षिक देखभालीची तरतूद मंजूर न करणे हा आपल्या अंदाजपत्रकांतील जुना दोष आहे. खरेदीचे वर्ष सर्वांना आठवते. उपकरण ज्या वर्षी बंद पडले ते वर्ष कोणत्याच अहवालात येत नाही.

तरीही खरा प्रश्न माणसांचा आहे. वरील दोन्ही उदाहरणांत, म्हणजे मोडी दप्तरात आणि प्रयोगशाळेत, एका व्यक्तीने वीस-पंचवीस वर्षे एका विषयात काढली, विद्यार्थ्यांच्या एकापाठोपाठ एक तुकड्या घडविल्या आणि त्यांतील काही जण पुन्हा त्याच ठिकाणी मार्गदर्शक झाले. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांत आज अध्यापकांच्या अनेक मंजूर जागा दीर्घकाळ रिकाम्या आहेत आणि त्यांचे काम तासिका तत्त्वावरील शिक्षकांकडून करून घेतले जाते. तासिकेचा शिक्षक मन लावून शिकवतो, पण पुढच्या वर्षी तो कुठे असेल हे त्याला ठाऊक नसते. अशा माणसाने पाच वर्षांचा संशोधन प्रकल्प हाती कसा घ्यावा? पीएच. डी.चे मार्गदर्शन नियमित अध्यापकानेच करावयाचे असते; म्हणजे जितक्या जागा रिकाम्या, तितकी विद्यार्थ्यांना मार्गदर्शक मिळण्याची दारे बंद. दहा वर्षे भरती थांबवून मग एकदम भरती केली, तरी मधल्या दहा वर्षांत जो दुवा तुटला तो जुळत नाही, कारण शिकविणारा निघून गेलेला असतो आणि शिकणारा अद्याप आलेला नसतो. काटकसरीच्या हिशेबात ही किंमत धरली जात नाही. ती धरावी आणि किमान ज्या विभागांना परंपरा आहे तेथील जागा निवृत्तीच्या दिनांकापूर्वी, वर्षभर आधी भराव्यात, म्हणजे जुना आणि नवा अध्यापक काही काळ एकत्र काम करतील, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर पहिली गरज राहण्याची आणि जेवणाची. हे कोल्हापूरला कोणी शिकवावयास नको. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि त्यामागोमाग निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांची मालिका उभी राहिली. हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि श्रमाच्या मोबदल्यात शिक्षणाची पद्धत रुजविली. शिवाजी विद्यापीठातील 'कमवा व शिका' योजना हा त्याच विचाराचा विस्तार होय. आज विद्यापीठाच्या सुमारे साडेआठशे एकरांच्या आवारात जो विद्यार्थी सकाळी बागेत किंवा कार्यालयात काम करून दुपारी प्रयोगशाळेत जातो, त्याच्या दृष्टीने या योजनेचे मानधन म्हणजे शिक्षण चालू राहणे किंवा सुटणे यांतील अंतर आहे.

तथापि पदव्युत्तर पदवीनंतर संशोधनासाठी जी चार-पाच वर्षे लागतात, त्या काळाला अशी योजना पुरत नाही. विद्यार्थी पंचविशीत आलेला असतो. घरी बहिणीचे लग्न, वडिलांचे आजारपण, शेतावरचे कर्ज असते. राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली आहे; परंतु ती मिळविणारे थोडे. बाकीच्यांसाठी राज्य शासनाच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती हा मोठा आधार ठरला. या योजनांमुळे ज्या घरांतून कोणी संशोधनाकडे वळले नसते अशा घरांतील मुले-मुली आज प्रबंध लिहीत आहेत. मात्र रक्कम वेळेवर मिळावी यासाठी गेल्या काही वर्षांत विद्यार्थ्यांना आंदोलने करावी लागली, हेही नमूद केले पाहिजे. अधिछात्रवृत्ती सहा महिने उशिरा येते तेव्हा सुस्थितीतील विद्यार्थी वाट पाहतो आणि गरीब विद्यार्थी खासगी शिकवणीची नोकरी धरतो. ज्याच्यासाठी योजना आखली नेमका तोच तिच्यातून गळतो. येथे उपस्थित असलेल्या अधिकाऱ्यांच्या टेबलावरून या फाईली जातात, म्हणून हा मुद्दा विस्ताराने सांगणे भाग आहे.

मुलींच्या बाबतीत अडचण आणखी एक आहे. पदव्युत्तर वर्गांत आज मुली मोठ्या संख्येने दिसतात. परंतु पदवी हाती आली की विवाह, आणि संशोधनाची वेळ आली की स्थलांतर, असा क्रम ठरलेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी महिला संशोधकांना पीएच. डी. पूर्ण करण्यासाठी अधिक मुदत आणि प्रसूती रजा दिली आहे. पण ही सवलत आहे हे पुष्कळ पालकांच्या आणि सासरच्या मंडळींच्या कानांवर गेलेले नसते. गावातील शिक्षकांनी ते सांगितले तरी बरेच काम होईल.

आता गुणवत्तेचा प्रश्न. २०१० पासून अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी प्रसिद्ध केलेल्या निबंधांचे गुण मोजले जाऊ लागले. हेतू चांगला होता. जो संशोधन करतो त्याला लाभ मिळावा. झाले असे की पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट झाला. नावे भारदस्त, पत्ता अज्ञात, परीक्षण नावाला. अशा नियतकालिकांना आळा बसावा म्हणून आयोगाने २०१८ मध्ये मान्य नियतकालिकांची नवी व्यवस्था जाहीर केली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही रद्द करून निवडीची जबाबदारी विद्यापीठांवर सोपविली. दरम्यान २०२२ च्या नियमांनी प्रबंधापूर्वी निबंध प्रसिद्ध केलाच पाहिजे ही पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांवरील सक्ती काढून टाकली. या बदलाने संशोधनाचा दर्जा खालावेल अशी भीती काही जण व्यक्त करतात. ती अगदीच निराधार नाही. परंतु पाच हजार रुपये भरून छापलेल्या निबंधाने दर्जा वाढत होता असेही कोणी प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही. दर्जा राखणारे अखेर दोनच पहारेकरी असतात: आपल्या नावाची चाड असलेला मार्गदर्शक आणि प्रबंध खरोखर वाचणारा बहिःस्थ परीक्षक. प्रबंध आता 'शोधगंगा' या राष्ट्रीय भांडारात सर्वांना खुले होतात. जिल्ह्यातील कोणीही शिक्षक आपल्या गावाविषयी लिहिलेला प्रबंध तेथे उघडून पाहू शकतो आणि त्यात गावाचे नाव, नदीचे नाव तरी बरोबर आहे का, हे तपासू शकतो. हा पहारा कोणत्याही समितीपेक्षा कमी नाही.

केंद्र शासनाने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यान्वये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले असून, नाणावलेल्या संस्थांना केंद्रस्थानी ठेवून त्यांच्याशी इतर विद्यापीठे जोडण्याची योजनाही त्याने सुरू केली आहे. योजना स्वागतार्ह आहे. एवढेच पाहावे लागेल की जोडलेल्या विद्यापीठाने प्रश्न विचारावा, दुसऱ्याच्या प्रश्नासाठी नुसते नमुने गोळा करून पाठवू नयेत.

कारण प्रश्नांची येथे वाण नाही. शिरोळ तालुक्यात पाण्याच्या अतिवापराने जमिनी क्षारपड झाल्या आणि त्या सुधारण्यासाठी भूमिगत निचऱ्याच्या नळ्या घालण्याचे काम साखर कारखाना आणि शेतकरी यांनी मिळून हाती घेतले. पंचगंगेचे आणि कृष्णेचे महापूर २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये येऊन गेले. कोल्हापूरच्या गुळाला आणि कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापुरात ओतकाम, इचलकरंजीत कापड आणि हुपरीत चांदी यांचे कारखाने व कारागीर आहेत. रसायनशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांच्या विद्यार्थ्याला विषय शोधण्यासाठी दूर जावे लागू नये, इतकी ही भूमी प्रश्नांनी संपन्न आहे.

वनस्पतिशास्त्राने याबाबतीत वाट दाखविली आहे. डॉ. एस. आर. यादव आणि डॉ. एम. एम. सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ विद्यापीठाने २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका जिल्ह्यात कोणत्या वनस्पती उगवतात याची अशी शास्त्रशुद्ध नोंद करणे म्हणजे वर्षानुवर्षे घाटमाथे, कडे आणि सडे पायांखाली घालणे. याच परिश्रमांतून कंदीलपुष्पांच्या दुर्मीळ जातींचा अभ्यास झाला. ही नाजूक वेल सह्याद्रीच्या उतारांवर पावसाळ्यात वाढते, तिचे फूल छोट्या कंदिलासारखे दिसते आणि तिचा कंद खाण्याजोगा असल्याने तो खणून काढला जातो. तिच्या काही जाती महाराष्ट्राबाहेर कोठेही आढळत नाहीत. डॉ. यादव आणि त्यांचे विद्यार्थी यांनी त्या विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात वाढविल्या आणि पुन्हा डोंगरात नेऊन लावण्याचे प्रयत्न केले. या उद्यानाला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अग्रणी वनस्पती उद्यान म्हणून मान्यता दिली आहे.

येथे पंचायतींचा थेट संबंध येतो. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, तेव्हा देशभर घाईघाईने नोंदवह्या भरल्या गेल्या. त्यांतील कित्येकांत शेजारच्या गावाची यादी उतरून काढलेली आहे, हे जाणकारांस ठाऊक आहे. कायद्याची पूर्तता झाली. गावाला मात्र आपल्या शिवारात काय आहे ते कळले नाही.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांची जी रचना २०२३-२४ पासून झाली, तिच्यात संशोधन पद्धती हा विषय, कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्र प्रकल्प आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प यांचा समावेश आहे. म्हणजे वर्षाला शेकडो विद्यार्थ्यांना क्षेत्रात जाऊन काम करणे आले. हे काम त्यांनी कोठे करावे? आज पुष्कळदा ते जवळच्या दुकानातील प्रश्नावलीवर भागते. त्याऐवजी शाहूवाडी, पन्हाळा, आजरा, चंदगड अशा डोंगरी तालुक्यांतील पंचायतींनी आपल्या नोंदवह्या पुन्हा तपासण्याचे काम विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र विभागांकडे सोपविले तर दोघांचीही गरज भागेल. कंद खणणाऱ्या म्हाताऱ्याला वनस्पतीचे स्थानिक नाव आणि हंगाम माहीत असतो. विद्यार्थ्याला तिचे शास्त्रीय नाव ओळखता येते. दोघे एकत्र बसल्यावाचून नोंद पुरी होत नाही.

यासाठी वेगळ्या शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. पंचायतीने ठराव करून विभागप्रमुखांना पत्र लिहावे. विद्यार्थ्यांची राहण्याची सोय शाळेत किंवा समाजमंदिरात करावी. गावातील जाणती माणसे कोण, याची यादी ग्रामसेवकाने आणि शिक्षकाने मिळून द्यावी. विभागाच्या बाजूने एक अट मात्र पाळली गेली पाहिजे. माहिती घेऊन गेलेला विद्यार्थी बहुधा परत येत नाही, ही गावकऱ्यांची तक्रार खरी आहे. प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो, तो विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जाऊन बसतो, आणि ज्यांनी दोन दिवस रोजगार बुडवून माहिती दिली त्यांना त्यातील एक ओळही पाहावयास मिळत नाही. म्हणून प्रत्येक क्षेत्र प्रकल्पाचा चार-पाच पानांचा मराठी सारांश संबंधित ग्रामपंचायतीस दिल्यावाचून विद्यार्थ्याला त्याचे गुण देऊ नयेत, असा नियम अभ्यास मंडळांनी करावा. तो सारांश ग्रामसभेत वाचला जावा आणि चुकीचे असेल ते तेथेच दुरुस्त व्हावे.

पावसाळा सुरू झाला की सड्यांवरची फुले दोन-तीन महिनेच दिसतात आणि विद्यापीठाचे वर्गही त्याच सुमारास उघडतात. ज्या पंचायतींना यंदा हे काम हाती घ्यावयाचे असेल त्यांनी मे महिन्याच्या ग्रामसभेतच ठराव करून ठेवावा, म्हणजे विद्यार्थ्यांची पहिली तुकडी जुलैमध्ये गावात पोहोचू शकेल.